क्वांटमची धास्ती नको, आधी एवढं कर

भाऊ, उद्याचे क्वांटम संगणक आजची डिजिटल कुलपं तोडतील या भीतीनं निरोप-फाइली जपायच्या असतील, तरी पहिल्याच दिवशी लॅटिसचं (नव्या क्वांटमरोधी कुलपांमागचं) गणित उघडून बसू नको. ते मागाहून.

निरोपांसाठी सिग्नल हे अ‍ॅप घे. त्यात २०२३ पासून क्वांटमरोधी किल्लीची देवाणघेवाण आहे, वेगळी सेटिंग लागत नाही. फक्त अ‍ॅप अपडेट ठेव, समोरच्यालाही ठेवायला लाव. मित्र बर्डीवर चहाला भेटला की एकमेकांचा सेफ्टी नंबर (मधे कोणी तिसरा नाही हे पटवणारा अ‍ॅपमधला आकडा) स्कॅन करून घ्या. अर्ध्या मिनिटाचं काम, पण लोक नेमकं हेच टाळतात.

फाइलींच्या बाबतीत मात्र बहुतेकांचा घोळ होतो. क्वांटमचा खरा धोका आरएसएसारख्या सार्वजनिक किल्लीच्या पद्धतींना (एक किल्ली सगळ्यांना उघड, दुसरी गुप्त). पासवर्डनं बंद केलेली एईएस-२५६ (एकाच गुप्त किल्लीच्या कुलपाची) फाइल त्यापुढेही टिकेल, असंच तज्ज्ञ धरतात. म्हणजे सेव्हन-झिप (फाइली बांधून त्यांना असं कुलूप लावणारं सॉफ्टवेअर) पुरे. त्यात फाइलीचा प्रकार जुनं झिप नको, सेव्हन-झेड निवड, आणि फाइलींची नावं लपवायच्या चौकोनात टिक कर. नाहीतर 'घरविक्री करारनामा' हे नाव बाहेरूनच दिसतं. पासवर्ड 'नागपूर१२३' ठेवलास तर क्वांटम कशाला, साधा लॅपटॉपही पुरतो बे! सहा-सात असंबद्ध शब्द ठेव.

नवखे हमखास चुकतात ते इथं:
- 'क्वांटम-प्रूफ' असं नुसतं छापलेलं अ‍ॅप घेतात. एमएल-केईएम (क्वांटमरोधी किल्ली ठरवायची पद्धत, निस्ट या अमेरिकी मानक-संस्थेचं २०२४ चं मानक) वापरतात का आणि कोड खुला आहे का, ते बघ.
- मूळ फाइल डाउनलोडमध्ये तशीच राहते.
- पासवर्ड विसरतात. तो कोणीही परत देत नाही. कागदावर लिहून घरच्या कपाटात ठेव.

जीपीजीला (सार्वजनिक किल्लीनं फाइली-मेल कुलूपबंद करणारं साधन) सध्या हात लावू नको.