फिरायला जायचे की राहायला?

वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे

प्रश्न : मी रेल्वेतून निवृत्त झालो असून सौ. जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या आहेत. आमची वये अनुक्रमे 67 आणि 64 आहेत. बारा दिवसांत सात देश दाखवणाऱ्या सहलीत आम्हांला रस नाही. युरोपातल्या एखाद्या गावात महिना-दोन महिने बिऱ्हाड करावे, तिथल्या बाजारातून भाजी आणावी, मनात आले तर गाडीत बसून शेजारच्या गावी जाऊन यावे आणि असे वर्षभर करावे, अशी इच्छा आहे. पर्यटक व्हिसावर जावे आणि तिथे गेल्यावर तो वाढवून घ्यावा, असे एका परिचितांनी सुचवले. हे जमण्यासारखे आहे का? दोघांची पेन्शन मिळून महिना सुमारे एक लाख दहा हजार रुपये येते.
– एक वाचक, भुसावळ

उत्तर : परिचितांचा सल्ला प्रथम बाजूला ठेवावा. पर्यटक म्हणून मिळणारा, युरोपातल्या अनेक देशांना मिळून एकच चालणारा शेंगेन व्हिसा आजारपण किंवा तशाच अपरिहार्य कारणावाचून वाढवून मिळत नाही, आणि मुदत उलटून राहिल्यास पुढच्या व्हिसाची वाट बंद होऊ शकते. पूर्वी पासपोर्टावरचे शिक्के मोजून हिशेब होत असे. 12 ऑक्टोबर 2025 पासून युरोपच्या सीमेवर बोटांचे ठसे आणि छायाचित्र घेऊन येण्याजाण्याची नोंद संगणकावर ठेवण्यास टप्प्याटप्प्याने सुरुवात झाली आहे. तेव्हा कोणाच्या लक्षात येणार नाही, या भरवशावर राहू नये.

नियम असा आहे की कोणत्याही 180 दिवसांच्या अवधीत आपल्याला शेंगेन क्षेत्रात जास्तीत जास्त 90 दिवस राहता येते. हे क्षेत्र 29 देशांचे असून फ्रान्समध्ये 30 दिवस, इटलीत 30 आणि स्पेनमध्ये 30 राहिले तरी बेरीज एकच धरली जाते. ज्या दिवशी उतरलात तो आणि ज्या दिवशी निघालात तो, असे दोन्ही दिवस मोजतात. समजा, आपण 1 एप्रिलला पोचलात, तर 29 जूनला नव्वद दिवस भरतात, आणि त्यानंतर 28 सप्टेंबरपासून पुन्हा नव्वद दिवस मोकळे होतात; अर्थात तोपर्यंत व्हिसाची मुदत शिल्लक असली पाहिजे.

आता खानदेशात राहणाऱ्या माणसाने या तारखांकडे जरा निरखून पाहावे. भुसावळात पारा 45 अंशांवर जातो, तेच नेमके हे दिवस. उन्हाळा तिकडे काढून मृगाचा पाऊस बरसून गेल्यावर घरी यावे, पोळा-गणपती इकडे करावेत, असा क्रम मला तरी वर्षभराच्या मुक्कामापेक्षा शहाणपणाचा वाटतो. युरोपातला जुलै-ऑगस्ट तसाही महाग आणि गर्दीचा असतो.

वर्षभर राहायचेच असेल तर तो प्रवास उरत नाही, तो निवास होतो, आणि त्याला वेगळा परवाना लागतो. निवृत्तांसाठी पोर्तुगाल आणि स्पेन या दोन देशांची नावे नेहमी घेतली जातात. पोर्तुगालच्या ‘डी-7’ व्हिसासाठी पेन्शन, भाडे, व्याज असे नियमित उत्पन्न तिथल्या किमान वेतनाइतके असावे लागते. 2025 साली हा आकडा महिना 870 युरो होता, आणि पती-पत्नींपैकी दुसऱ्यासाठी त्याच्या निम्मी रक्कम धरतात, म्हणजे दोघांचे मिळून 1,305 युरो. युरोचा भाव शंभर रुपयांच्या आसपास धरला तरी आपली पेन्शन वीसेक हजारांनी कमी पडते. मुदत ठेवींचे व्याज दाखवून ती तूट भरून काढता येईल. स्पेनचे गणित निराळे आहे. तिथे काम न करता राहण्याच्या परवान्यासाठी एकाला महिना 2,400 आणि जोडीदारासाठी आणखी 600, असे 3,000 युरो दाखवावे लागतात. शिवाय संपूर्ण संरक्षण देणारा खासगी आरोग्य विमाही हवा. आपल्या उत्पन्नात हे बसत नाही, त्यामुळे त्यावर अधिक लिहीत नाही. पोर्तुगालसाठीही घराचा दीर्घ मुदतीचा करार, पोलिसांचा चारित्र्य दाखला आणि कागदपत्रांचे प्रमाणीकरण ही कामे आधी उरकावी लागतात. त्यातच दोन्ही देशांत वर्षात 183 दिवसांहून अधिक राहणाऱ्याला तिथला करदाता समजले जाते. पेन्शनवरील कराचा दोन्हीकडचा मेळ कसा बसतो, हे चांगल्या सनदी लेखापालाला विचारल्याशिवाय घराचा करार करू नये.

म्हणून माझे मत असे की पहिल्या वर्षी नव्वद दिवसच जावे आणि तेही दोनच गावांत राहावे. ज्या देशात सर्वांत जास्त दिवस राहणार, त्याच देशाच्या वकिलातीकडे अर्ज करायचा असतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, शुल्क माणशी 90 युरो आहे आणि बोटांच्या ठशांसाठी व्हिसा केंद्रावर स्वतः जावे लागते. प्रवास विमा किमान 30,000 युरोंचा असावा, ही अट आहे; पण रक्तदाब-मधुमेहासारखे आधीपासूनचे आजार त्यात धरले आहेत की नाहीत, हे विमापत्रात वाचून घ्यावे, कारण या वयात दवाखान्याची गरज पडली तर ती बहुधा त्यांच्यापायीच पडते. आपल्या रेल्वेच्या वैद्यकीय कार्डावर तिकडे विसंबता येणार नाही. तीन वर्षांत दोन व्हिसा रीतसर वापरले तर 2024 च्या एप्रिलपासून भारतीयांना दोन वर्षांचा, अनेकदा जाता येईल असा व्हिसा मिळण्याची वाट मोकळी झाली आहे. चांगल्या वर्तनाचा असा लाभ फार थोड्या ठिकाणी मिळतो.

गाव निवडताना आधी गुडघ्यांचा विचार करावा. लिस्बनच्या आल्फामासारखे जुने पेठवजा भाग छायाचित्रांत मोहक दिसतात, पण तिथे चढ, पायऱ्या आणि गुळगुळीत दगडांच्या फरशा आहेत. पाऊस पडला की त्यांवरून तरणाताठा माणूसही जपून चालतो. जुन्या इमारतींत पुष्कळदा लिफ्ट नसते. जाहिरातीत ‘तिसरा मजला, उत्तम दृश्य’ असे लिहिलेले असेल तर मालकाला आधी लिफ्टचे विचारावे. लिफ्ट आहे असे उत्तर आले, तर ती कितव्या मजल्यापर्यंत जाते तेही विचारावे. स्पेनमधील व्हॅलेन्सिया हे गाव मात्र सपाट आहे. 1957 च्या महापुरानंतर तुरिया नदीचा प्रवाह शहराबाहेर वळवून जुन्या पात्रात सुमारे नऊ किलोमीटर लांबीची बाग केली आहे, आणि तिथे सकाळी आपल्याच वयाची माणसे फिरताना, बाकावर बसून बोलताना दिसतात. जेवणाची वेळ तेवढी अंगवळणी पाडून घ्यावी लागेल. दुपारी दोनच्या आधी आणि रात्री नवाच्या आधी तिथे कोणी ताट मांडत नाही.

आपण रेल्वेचे, म्हणून एक विषयांतर करतो. स्पेन-पोर्तुगालच्या जुन्या मार्गांवर दोन रुळांमधले अंतर 1,668 मिलिमीटर आहे आणि आपल्या ब्रॉडगेजचे 1,676, म्हणजे फरक फक्त आठ मिलिमीटर. पोर्तुगालच्या रेल्वेत 65 वर्षांवरील प्रवाशाला वयाचा पुरावा दाखवून निम्म्या दरात तिकीट मिळते. आपल्याकडे ज्येष्ठांची सवलत 2020 पासून बंद आहे, तेव्हा ही उणीव तिकडे भरून काढावी. पोर्तोहून पोसिन्योपर्यंत दोरू नदीच्या काठाने जाणारी पॅसेंजर गाडी आपण दोघांनी चुकवू नये. परंतु माद्रिद आणि लिस्बन या दोन राजधान्यांना जोडणारी रात्रगाडी 2020 च्या मार्चपासून बंद आहे. स्पेनमधून पोर्तुगालला रेल्वेनेच जायचे ठरवले तर गाड्या बदलण्यात दिवस जातो, हे वेळापत्रक आखताना ध्यानात असू द्यावे.

प्रश्न : आम्ही उभयता सप्टेंबरपासून तीन महिने नेदरलँड्सला मुलीकडे जाणार आहोत. माझ्या पेन्शनचा हयातीचा दाखला नोव्हेंबरात द्यावा लागतो. शिवाय थोडी केळीची बाग आहे. मागे काय व्यवस्था करून जावे?
– एक वाचक, रावेर

उत्तर : हयातीच्या दाखल्यासाठी परत येण्याची गरज नाही. ‘जीवन प्रमाण’ ही व्यवस्था 2014 पासून आहे आणि आता मोबाईलसमोर चेहरा धरूनही दाखला देता येतो. मात्र आपली पेन्शन ज्या बँकेतून अथवा कार्यालयातून निघते, तिथे तो स्वीकारतात ना, याची खातरजमा निघण्यापूर्वी करावी आणि घरी एकदा रंगीत तालीम करून पाहावी. बँकेत नोंदवलेले सिमकार्ड चालू ठेवणे हे त्याहून महत्त्वाचे आहे. ते बंद पडले की ओटीपी येत नाही आणि ओटीपी आला नाही की स्वतःच्या पैशाला हात लावता येत नाही. परदेशी गेलेल्या ज्येष्ठांची सर्वांत मोठी कुचंबणा इथेच होते.

बागेचे मात्र मोबाईलवर भागणार नाही. ई-पीक पाहणीत शेतात उभे राहून छायाचित्र घ्यावे लागते, त्यामुळे ते काम भावाकडे किंवा विश्वासू वाटेकऱ्याकडे सोपवावे, म्हणजे सातबाऱ्यावर पिकाची नोंद राहून जाणार नाही. बँक व सरकारी कामांसाठी मुखत्यारपत्र करायचे झाल्यास त्यात कोणकोणती कामे करता येतील हे नावानिशी लिहावे. ‘सर्व व्यवहार’ असे मोघम लिहून देऊ नये, मग तो कितीही जवळचा असो. येथून पैसे पाठवणार असाल तर आर्थिक वर्षात माणशी अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे आणि दहा लाख रुपयांपुढील रकमेवर बँक सर्वसाधारणपणे 20 टक्के कर आगाऊ कापते. विवरणपत्र भरल्यावर तो आपल्या कराच्या हिशेबात धरला जातो, म्हणून ते वेळेवर भरावे.

प्रश्न : ह्यांना भाकरीशिवाय जेवल्यासारखे वाटत नाही. तीन महिन्यांसाठी घरून काय काय नेता येईल? तिथे वांग्याचे भरीत करता येते का?
– एक वाचिका, अमळनेर

उत्तर : युरोपीय संघाच्या देशांत बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांसाचे आणि दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत. म्हणून तूप, खवा, पेढे घरीच ठेवावेत. ज्वारीचे आणि कळण्याचे पीठ, बिबडे, कुरडया, पापड, काळा मसाला हे नेता येते; फक्त पिठाची पिशवी बंद असावी आणि वर काय आहे ते इंग्रजीत लिहिलेले असावे. ताज्या फळांना बहुतेक वेळा रोगमुक्ततेचा दाखला लागतो, पण त्यातून सुटलेल्या पाच फळांत केळे आहे, हे जळगाव जिल्ह्याच्या वाचकांना ऐकायला बरे वाटेल.

पीठ संपल्यावर मोठ्या शहरांतील भारतीय किराणा दुकानांत ज्वारीचे पीठ मिळते, परंतु ते पुष्कळदा जुने असते आणि थापताना भाकरी कडेने फाटते. अशा पिठाला उकळते पाणी घालून उकड काढावी आणि मग मळावे. भाड्याच्या घरांत बहुधा विजेची सपाट शेगडी असते, म्हणून तवा सपाट बुडाचा न्यावा. जाळ नसल्यामुळे भाकरी तव्यावरच उलटून स्वच्छ फडक्याने कडा दाबाव्यात, ती फुगते.

भरताचे म्हणाल, तर बामणोदचे हिरवट-पांढरे वांगे तिकडे मिळायचे नाही. तिथली मोठी जांभळी वांगी गराला बरी असतात. टोचे मारून, तेलाचा हात लावून ओव्हनमध्ये 220 अंशांवर पाऊण तास भाजावीत. कपाशीच्या काड्यांवर भाजल्याचा वास त्यांना येणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. गॅस असलेच तर त्यावर थेट वांगे भाजण्याचा मोह आवरावा, कारण छताला धुराची घंटा असते आणि ती वाजली की शेजारी दारात येतात. स्पेनच्या कातालोनियात मात्र निखाऱ्यांवर वांगी आणि ढोबळी मिरची भाजून, साल काढून ‘एस्कालिवादा’ नावाचा पदार्थ करतात. तो मागवावा आणि सोबत आपली हिरव्या मिरचीची, लसणाची, शेंगदाण्याची कोरडी चटणी ठेवावी.