जुनी बोलेरो पिकअप घेतली आहे. हौद्याला गंज आणि केबिनचा रंग उडालेला. आधी पूर्ण रंग मारून घेऊ का?

नाही, आधी हौदा उघडा करून गंज काढा. रंग सगळ्यात शेवटी. मी डेंटिंग-पेंटिंगचं काम करतो, आणि विकायला काढलेल्या गाड्यांत गंजावरच लांबी (पत्र्यातले खड्डे भरायची पुट्टी) भरून वर चकाचक रंग मारलेला सतत दिसतो. लांबी पाणी धरते, त्यामुळे गंज आतला पत्रा खात राहतो आणि पुढच्या पावसाळ्यात रंगाला फुगे येतात. हौद्यातली रबरी मॅट उचला, फाळक्याच्या बिजागऱ्या, कोपरे आणि चाकांवरचा पत्रा स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. टोक आत गेलं तर तिथे नवा पत्रा वेल्ड करायचा (त्याआधी बॅटरीची वायर सोडवा), तिथे लांबी चालत नाही. बाकी गंज वायर ब्रशने आणि ८० नंबरच्या पॉलिश पेपरने चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासा आणि त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर (रंगाआधीचा गंज रोखणारा थर) मारा. उघडा पत्रा रात्रभर ठेवला की दमट हवेत पुन्हा तांबूस होतो. हौद्यातले पाणी जायचे भोक मोकळे करायला विसरू नका, गंजाचं मूळ बहुतेक वेळा तिथेच असतं. केबिनचा रंग नुसता फिका पडला असेल तर आधी रबिंग-पॉलिश करून बघा, कदाचित रंगाचा खर्च वाचेल.

फक्त एक: रंग बदलायचा असेल तर आधी आरटीओत विचारा, आरसीवर रंगाची नोंद असते. आणि रंगकामात निघालेली रिफ्लेक्टर टेप परत लावून घ्या, नाहीतर आरटीओच्या फिटनेस तपासणीला गाडी अडेल.