द्राक्षव्यापाऱ्याचा चेक वटला नाही. तो दिल्लीचा आहे, तर केस नाशिकमध्ये करता येईल का?

होय. चेकबाबतच्या कायद्यात (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट) २०१५ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर, तुमचे खाते ज्या शाखेत आहे तिथल्याच न्यायालयात फिर्याद चालते. त्यामुळे निफाडला खाते असलेल्या बागायतदाराला दिल्लीला खेटे घालावे लागत नाहीत. मुदती मात्र काटेकोर आहेत: बँकेचा परतीचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस, ती पोहोचल्यावर पैसे देण्यासाठी १५ दिवस, आणि तेही उलटले की एका महिन्यात फिर्याद. ‘पुढच्या आठवड्यात देतो’ या फोनवर विसंबून पहिलेच ३० दिवस गमावलेले शेतकरी माझ्याकडे येतात, तेव्हा फार वाईट वाटते. चेकची वैधता शिल्लक असेल, तर तो पुन्हा बँकेत भरावा; पुन्हा परत आल्यास मुदत नव्याने सुरू होते. नोटीस स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती मेमोलाच टाचून ठेवा.