चिंचोके कमी पडले तेव्हा

“मॅडम, गावात गेलो की मी पाहुणा, आणि इथं नागपुरात तर परकाच. मग मी आहे तरी कुठला?”

नागपुरात समुपदेशनाचं काम करताना गेल्या काही वर्षांत हा प्रश्न मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलाय की पहिले चार शब्द कानावर पडले तरी पुढचं कळतं. मेळघाटातून आलेली, नर्सिंग करणारी कोरकू मुलगी हेच विचारते. स्पर्धा परीक्षेच्या तयारीत वयाची तिशी ओलांडलेला मुलगा हेच विचारतो. आईबाप येतात तेव्हा तीच दोरी दुसऱ्या टोकाला धरलेली असते: “पोरगं शिकलं, पण हातचं गेलं.” म्हणून यातल्या एकाची गोष्ट लिहिते आहे. त्याची परवानगी घेतली आहे, ओळख पटेल असं सगळं बदललं आहे. इथं त्याला सुखदेव म्हणू.

सुखदेव गोंड जमातीचा, धानोरा तालुक्यातला, गडचिरोली जिल्हा. वय सत्तावीस. एका खाजगी बँकेत नोकरी. माझ्याकडे आला तो झोप लागत नाही म्हणून. दुसऱ्या भेटीत कळलं की तीन वर्षं तो घरी गेलेला नाही. महिन्याच्या दोन तारखेला आईच्या खात्यात पैसे मात्र न चुकता टाकतो.

माझ्या टेबलावर पितळेच्या वाटीत चिंचोके असतात, साठेक असतील. येणाऱ्याला मी सांगते, तुझ्या घरची माणसं मांड. कोण कुणाच्या जवळ, कोण लांब, हे तोंड सांगत नाही ते हात सांगून जातो. सुखदेवनं आई, बाबा आणि दोन बहिणी असे चार चिंचोके मांडले. पाचवा उचलला आणि तो मुठीतच राहिला. तासभर बोलत होतो, मूठ उघडली नाही. जाताना त्यानं तो वाटीत परत टाकला.

सहाव्या वर्षी त्याला आश्रमशाळेत घातलं होतं. आपल्या राज्यात शासकीय आणि अनुदानित मिळून हजाराच्या घरात आश्रमशाळा आहेत, आणि त्या नसत्या तर सुखदेवसारखी कितीतरी मुलं शाळेचं तोंड बघू शकली नसती. हे मी आधी सांगते, कारण पुढचं ऐकून कुणी शाळांनाच बोल लावू नये. पण सहा वर्षांचं पोर जेव्हा दिवाळी आणि उन्हाळ्यापुरतंच घरी येतं, तेव्हा मोहाची फुलं वेचायला पहाटे उठणं, कुणाच्या घरी मयत झाली तर काय न्यायचं, कुणाला काय म्हणून हाक मारायची, हे सगळं त्याच्या माघारी घडत राहतं. सुखदेवच्या शाळेत वर्गात गोंडी बोललं की पट्टी बसायची. बारावीपर्यंत त्याला गोंडी समजायची, पण उत्तर मराठीतच निघायचं.

कॅनडातही आदिवासी मुलांना घरातून उचलून निवासी शाळांत ठेवलं होतं. तिथल्या सत्य आणि समेट आयोगानं २०१५ साली त्याला सांस्कृतिक वंशसंहार म्हटलं. आपल्याकडची गोष्ट तशी नाही. सुखदेवच्या बाबांनी त्याला खांद्यावर बसवून, नाला ओलांडून, स्वतः शाळेत सोडलं होतं. आणि नेमकं तेच त्याला जड जात होतं. राग कुणावर काढायचा? ज्या खांद्यावर बसून गेलो त्या खांद्यावर?

पहिल्या चार भेटींत मी नेहमीच्या वाटेनं गेले. तुला काय वाटतं, तुला काय हवंय, तुझं स्वतःचं असं काय आहे. तो शहाण्या मुलासारखी उत्तरं देत होता आणि झोप काही येत नव्हती.

पाचव्या भेटीत जात पडताळणीचा विषय निघाला. अनुसूचित जमातीचा दाखला पक्का करताना समिती कधी कधी आप्तभाव चाचणी घेते. तुमचे देव कोणते, लग्नाच्या रीती काय, नातेवाईक कोण, असं विचारतात. (२०२३ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की ही चाचणी म्हणजे शेवटची कसोटी नव्हे. फार गरजेचं होतं ते.) सुखदेव म्हणाला, “मी तर पाठ करून गेलो होतो, मॅडम. आमचे देव सहा. आमचं पेनठाणा, म्हणजे देवाचं ठिकाण, अमक्या गावाला. चुलतभावानं वहीत लिहून दिलं होतं. बाकीची पोरं कॉन्स्टिट्यूशन पाठ करत होती, मी माझेच देव पाठ करत होतो.”

बोलताना त्याचा आवाज कापला. मी मात्र दुसऱ्याच शब्दापाशी अडकले होते. सहा देव म्हणजे काय, हे मला नीट माहीत नव्हतं. अठरा वर्षं या शहरात काम करते आहे, जे शहर बख्त बुलंद शाह या गोंड राजानं १७०२ साली वसवलं, आणि गोंड माणूस नातं कसं मोजतो हे मी कधी बसून विचारलं नव्हतं. तो आठवडा मी वाचण्यात आणि गडचिरोलीच्या एका जुन्या मैत्रिणीला विचारण्यात घालवला.

सहाव्या भेटीत वाटी त्याच्यापुढे सरकवली.

“तुझ्या आजीला ही वाटी दिली असती, तर तिनं घरची माणसं कशी मांडली असती?”

तो पहिल्यांदा हसला. “तिला एवढे पुरणार नाहीत.”

“मांडून तर बघ.”

आधी त्यानं सहा चिंचोके ओळीनं लावले. हे देव. मग त्यांच्यामागे एक पुंजका. “ही आमची माणसं. आडनावं वेगवेगळी असतील, पण सहा देववाले सगळे भाऊ. दादाभाई. यांच्यात लग्न होत नाही, कधी तोंड बघितलेलं नसलं तरी.” मग टेबलाच्या दुसऱ्या बाजूला वेगळा पुंजका. “हे सात देववाले. हे पाच. हे चार. हे आमचे सोयरे. लग्नं यांच्यात होतात. आमच्याकडे काही मोठं झालं की कामाला यांनीच उभं राहायचं, त्यांच्याकडे असलं की आम्ही.” हात भराभर चालला होता. चुलत आजोबा, आत्याची सासरची माणसं, मामाचं गाव. पुन्हा वाटीत हात घातला तर वाटी रिकामी.

“संपले,” तो म्हणाला. मग टेबलाकडे बघत राहिला.

“म्हणजे उद्या तिकडे छत्तीसगडमधल्या अबुजमाडातला कुणी अनोळखी गोंड माणूस तुला स्टेशनवर भेटला तर?”

“किती देव, एवढं विचारायचं. एक तर तो भाऊ, नाही तर सोयरा.”

“तिसरं काही?”

“तिसरं काही नसतंच.”

हे त्यानं अगदी सहज सांगितलं. मी पुढे काही बोलले नाही. आम्ही शहरातली माणसं आयुष्यभर शेजाऱ्याचं आडनाव शोधत राहतो, आणि इथं एका आकड्यात दोन अनोळखी माणसांचं नातं ठरून जातं.

मग मी ती जुनी गोष्ट काढली. तीन वर्षांपूर्वी चुलतभावाच्या लग्नात रात्री रेला सुरू झाला होता. एकमेकांच्या कमरेत हात घालून रांग, एकानं गाणं सांगायचं, बाकीच्यांनी झेलायचं. सुखदेवला पाय जमेना, शब्द येईनात. तेवढ्यात एक जण गोंडीत ओरडला, “अरे, साहेबाला खुर्ची द्या, बूट खराब होतील!” सगळा मांडव हसला. पहाटेच्या पहिल्या बसनं सुखदेव निघाला तो परत गेलाच नाही. ही गोष्ट त्यानं मला तीनदा सांगितली होती, प्रत्येक वेळी त्याच शब्दांत.

“तो जो ओरडला, तो यात कुठल्या पुंजक्यात?”

त्याचं बोट आधी दादाभाईंच्या पुंजक्यावरून फिरलं. मग टेबल ओलांडून पलीकडे गेलं. “इकडे. सोयऱ्यांत. माझ्या मामाचा मुलगा.”

“मामाचा मुलगा म्हणजे तुझा कोण?”

“मामाची मुलगी करतात आमच्यात. म्हणजे हा…” तो थांबला. “हा मेव्हणाच झाला.”

खोलीत पंख्याचा आवाज येत होता. त्याचं बोट त्या एका चिंचोक्यावर होतं.

“तो चेष्टा करणारच, मॅडम,” सुखदेव अगदी हळू म्हणाला. “त्याचं कामच आहे ते. त्याच्या लग्नात मी करायची.”

“आणि तुझ्या दादाभाईंपैकी कुणी हसलं होतं?”

बराच वेळ गेला. “थोरल्या काकानं माझा दंड धरला होता. रांगेत स्वतःच्या शेजारी उभं केलं होतं. मी हात सोडवून घेतला.” मग तो रडला. सत्तावीस वर्षांचा माणूस, टेबलावर डोकं टेकून, चिंचोक्यांच्या मधोमध. त्याला थांबवण्याची मला घाई नव्हती.

त्या दिवशी मला जे उमगलं त्यानं माझ्या कामाची दिशा बदलली. सुखदेव तीन वर्षं ज्या हसण्याला हकालपट्टी समजत होता, ते त्याच्या जागेचं पत्र होतं. परक्या माणसाची थट्टा गोंड गावात कुणी करत नाही, त्याला खाट टाकून पाणी देतात. थट्टा करायचा हक्क ठरलेल्या नात्याला असतो. मुलाला भाषेतले शब्द समजले होते, पण नात्याचं व्याकरण शाळेच्या वर्षांत सुटून गेलं होतं. आणि मी त्याला ‘तू स्वतः कोण आहेस’ हे विचारत होते, जेव्हा त्याच्या माणसांत प्रश्न ‘तू कुणाचा’ असा असतो. माणसाच्या आत खोल खणत बसण्यापेक्षा त्याच्या आजूबाजूला कोण उभं आहे ते आधी बघावं, हे मी पूर्वीपासून मानत आले. पण ती आजूबाजूची माणसं माझ्या मापानं चार-पाच जणांत संपत होती.

आता असं कुणी आलं की मी काय सांगते, ते सांगते.

आपलेपणा आधी मनात दाटून येईल आणि मग आपण गावी जाऊ, अशी वाट बघू नका. आधी जा. आणि सणाला जाऊ नका, कामाला जा. सणाला गेलेला माणूस पाहुणाच असतो, त्याला ताटावर बसवतात. मोहाच्या दिवसांत जा, तेंदूपत्त्याला जा, कुणाचं घर शाकारायचं असेल तेव्हा जा. पैसे पाठवता हे चांगलंच, पण पैशाला दंड धरून रांगेत उभं करता येत नाही.

भाषा येत नाही याची लाज ही सगळ्यांत मोठी अडचण. २०११ च्या जनगणनेत गोंडी बोलणारे जवळपास तीस लाख निघाले, तरी ती अजून राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत, म्हणजे मान्य भाषांच्या यादीत, नाही. शाळेत पट्टी बसते तेव्हा ती एका पोराला बसते, पण तिच्यामागे एवढं मोठं दुर्लक्ष असतं. धानोरा तालुक्यातल्याच मोहगावच्या ग्रामसभेनं २०१९ साली गोंडीतून शिकवणारी शाळा सुरू केली. सुखदेवला हे माहीत होतं, “आमच्या वेळी असती तर” एवढंच म्हणाला. मी मुलांना सांगते, व्याकरणाच्या मागे लागू नका. आधी फक्त हाका शिका. मोठ्या काकाला काय, मामीला काय, आजोबांच्या सोयऱ्याला काय. बरोबर हाक मारली की समोरचा पुढची दहा वाक्यं स्वतःच शिकवतो.

आईबापांसाठी एकच. मूल चुकलं की “तुला काय कळणार आता” असं म्हणू नका. ते वाक्य पोराला आश्रमशाळेपेक्षा लांब नेतं. त्याला काम सांगा. पाणी भर म्हणा, पाहुण्याला तंबाखू दे म्हणा.

सगळं इतकं गोड नसतं, हेही माहीत आहे. माझ्याकडे एक मुलगी येते, तिनं जमातीबाहेर लग्न केलं. गावानं दंड सांगितला, तो भरूनही तिला घरच्या देवापाशी उभं राहू देत नाहीत. तिच्यापुढे चिंचोके ठेवून हे सुटणार नाही. नातं मोजायची जी रीत सुखदेवला आत घेते तीच तिला बाहेर ठेवते, आणि तिच्या बाजूनं बोलायला त्या गावातलीच माणसं उभी राहायला हवीत. दोन जण उभी राहिली आहेत, एक तिची आत्या. आम्ही त्या दोघांपासून सुरुवात केली आहे.

सुखदेव मे महिन्यात दहा दिवसांची रजा काढून गेला. तेंदूपत्त्याचा हंगाम. सत्तर पानांचा एक पुडा, पानं नीट लावून सालीच्या दोरानं बांधायचा. पहिल्या दिवशी त्याचे वीस पुडेही झाले नाहीत, आईचे त्याच्या कितीतरी पट. तिसऱ्या दिवशी मामाचा मुलगा आला, त्याचा एक पुडा उचलून हलवून बघितला, आणि सगळ्यांसमोर बोलला की बँकेत नोटाही असाच ढिल्या बांधतो का हा. परत सगळे हसले.

“मग?” मी विचारलं. आता तो महिन्यातून एकदा येतो, झोप लागते म्हणतो.

“मग मी पण बोललो काहीतरी. गोंडीत. सगळे त्याच्यावर हसले.”

“काय बोललास?”

सुखदेव लाजला, मान हलवली. “ते सोयऱ्यालाच बोलता येतं, मॅडम. तुम्हाला नाही सांगता येणार.”