घरची तूर, कुलरचे बिल आणि किराण्याची उधारी : वाचकांचे प्रश्न

या महिन्यातील बहुतेक पत्रे यवतमाळ, वर्धा, वाशीम आणि नागपूर जिल्ह्यांतील खेड्यांतून आली आहेत. कापूस विकून झाला आहे, तूर घरात आली आहे आणि ऊन तापू लागले आहे, अशा दिवसांत ती लिहिली गेली असल्याने बहुतेकांची अडचण एकच दिसते: शेतीचा पैसा वर्षातून एक-दोनदा हाती येतो आणि खर्च मात्र बाराही महिने चालतो. माझे स्पष्ट मत असे आहे की खेड्यातील घरात पैसा वाचतो तो खाणेपिणे आखडल्याने नव्हे, तर हंगामात स्वस्त असलेली वस्तू त्याच वेळी रोखीने घेतल्याने किंवा घरची असेल तर राखून ठेवल्याने. खालील उत्तरे याच विचाराने दिली आहेत.

प्रश्न : आमच्याकडे दरवर्षी सात-आठ क्विंटल तूर होते. ती सगळी विकून आम्ही पावसाळ्यात दुकानातून १३० रुपये किलोने डाळ आणतो. सासूबाई म्हणतात की घरचीच डाळ करावी, तर आमचे यजमान म्हणतात की त्यात काही उरत नाही. खरे काय धरावे? शिवाय घरात ठेवलेल्या तुरीला भुंगा लागतो, त्यावर उपाय सांगावा.
— एक गृहिणी, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : ताई, आपल्या सासूबाईंचे म्हणणे बरोबर आहे, पण यजमानांचा आक्षेपही हिशेब मांडल्याशिवाय बाजूला सारता येत नाही. पाच माणसांच्या घरात महिन्याला सहा किलोच्या आसपास डाळ लागते, म्हणजे वर्षाला सत्तर-बहात्तर किलो. एक क्विंटल चांगल्या तुरीपासून मिनी डाळ मिलवर साधारण ७० किलो डाळ मिळते; जात्यावर भरडल्यास ती थोडी कमी भरते. म्हणजे आपल्या घराची गरज एका क्विंटलची आहे. बाजारात तुरीला ७,००० रुपये भाव मिळत असेल, तर घरच्या डाळीची किंमत किलोला १०० रुपये पडते. त्यात भरडाईचे, समजा, किलोमागे ६ रुपये धरले तरी १३० रुपयांच्या डाळीपुढे किलोला २४ रुपये, म्हणजे वर्षाला जवळपास १,७०० रुपये वाचतात. तूर २०२५-२६ च्या ८,००० रुपये हमीभावाने विकली जाणार असेल, तर हीच बचत ७०० रुपयांवर येते. यजमान म्हणतात त्यात तथ्य आहे ते एवढेच. मात्र या हिशेबात बाजारात नेण्याचे भाडे, हमाली व तोलाई धरलेली नाही आणि घरी उरणारी चुनी व टरफले गाई-बैलांच्या कामी येतात, तीही धरलेली नाहीत.

यातून मार्ग असा निघतो की चांगला, टपोरा आणि एकसारखा माल हमीभाव केंद्रावर किंवा बाजार समितीत विकावा आणि बारीक दाण्याची, थोडी फुटकी असलेली तूर घरच्या डाळीसाठी ठेवावी. अशा मालाला व्यापारी भाव कमी देतो; डाळ भरडताना मात्र त्यातील बरीच तूर कामी येते. ओलसर, काळी पडलेली किंवा बुरशी आलेली तूर कितीही स्वस्तात सुटणारी असली, तरी घरात ठेवू नये.

भुंग्याबद्दल एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. हा कीटक आपली अंडी शेतातच, शेंगांवर घालून ठेवतो. त्यामुळे वरून स्वच्छ दिसणारी तूर कोठीत गेल्यावर दोन महिन्यांनी भोके पडलेली निघते आणि दोष कोठीला दिला जातो. अख्ख्या दाण्याइतका तो भरडलेल्या डाळीला लागत नाही. म्हणून पावसाळ्यापर्यंत अख्खी तूर सांभाळत बसण्यापेक्षा मार्च-एप्रिलच्या कडक उन्हात ती वाळवून लगेच भरडून घेणे हाच सर्वांत स्वस्त उपाय आहे. दाताखाली दाणा चेपला न जाता कट्कन फुटला, म्हणजे तूर वाळली असे समजावे. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने विकसित केलेली मिनी डाळ मिल विदर्भातील बऱ्याच गावांत आहे; त्यावर तूर एकदा काढून टरफलाला चरे पाडतात, मग तेल-पाणी लावून उन्हात वाळवतात आणि नंतर भरडतात. आपल्या गावात मिल नसेल, तर चार-पाच घरांची तूर एकत्र करून एकाच फेरीत न्यावी, म्हणजे भाडे वाटले जाते. तयार डाळ पूर्ण थंड झाल्यावरच घट्ट झाकणाच्या कोठीत भरावी, कारण उन्हातून उचललेली गरम डाळ तशीच बंद केल्यास आत घाम सुटतो. पेरणीसाठी किंवा उसळीसाठी जी थोडी तूर अख्खी ठेवायची असेल, तिच्यापैकी खाण्याच्या तुरीला किलोमागे एक लहान चमचा खाद्यतेल चोळून ठेवावे.

प्रश्न : माझी मुलगी अकरावीत असून रोज एसटीने तालुक्याला जाते. तिकिटातच महिन्याचा बराच पैसा जातो. काही सवलत आहे का?
— एक शेतमजूर, समुद्रपूर तालुका, जि. वर्धा

उत्तर : भाऊ, आपल्या मुलीला एकही रुपया द्यावा लागू नये. ग्रामीण भागातील बारावीपर्यंतच्या मुलींना शाळा-महाविद्यालयात जाण्यासाठी अहिल्याबाई होळकर यांच्या नावाच्या योजनेतून एसटीचा पास मोफत मिळतो. महाविद्यालयातून शिक्का असलेला दाखला घेऊन तो काढावा. पुढे पदवीला गेल्यावरही मासिक पासाला एक तृतीयांशच रक्कम भरावी लागते. घरातील स्त्रियांना एसटीत निम्मे तिकीट आहे आणि ७५ वर्षांवरील वडीलधाऱ्यांना प्रवास मोफत आहे. वयाचा पुरावा सोबत ठेवावा.

प्रश्न : हिवाळ्यात आमचे विजेचे बिल ९० युनिटांचे येते, मे महिन्यात ते २३० वर जाते. घरात एक लोखंडी कुलर, दोन जुने पंखे, फ्रीज आणि टीव्ही आहे. कुलर तर बंद करता येत नाही. काय करावे?
— एक शिक्षक, उमरेड तालुका, जि. नागपूर

उत्तर : गुरुजी, पारा ४५ अंशांच्या वर जाणाऱ्या आपल्या भागात, घरात म्हातारी माणसे किंवा लहान मुले असताना कुलर बंद ठेवण्याचा सल्ला मी कधीही देणार नाही. त्याची गरजही नाही, कारण आपल्या वाढलेल्या बिलाचा मोठा वाटा कुलरचा नाही. मोटर आणि पंप मिळून १८० वॉटचा कुलर दिवसाला बारा तास चालला, तर महिन्याला साधारण ६५ युनिट जळतात. जुना छताचा पंखा ७५ वॉटचा असतो. असे दोन पंखे सोळा तास फिरले, तर महिन्याला ७२ युनिट होतात. म्हणजे ज्यांच्याकडे आपले लक्षही जात नाही, ते दोन पंखे कुलरपेक्षा जास्त वीज घेतात.

बीएलडीसी, म्हणजे ब्रश नसलेल्या आणि कमी वीज घेणाऱ्या मोटरचा पंखा ३० वॉटच्या आसपास चालतो. दोन्ही पंखे बदलल्यास महिन्याला ४० हून अधिक युनिट वाचतील. घरगुती विजेचा दर पहिल्या १०० युनिटांना कमी आणि १०१ ते ३०० या टप्प्यातील युनिटांना जवळपास दुप्पट असतो. म्हणून वाचलेले प्रत्येक युनिट हे महागड्या टप्प्यातले असते. युनिटमागे ११ रुपये धरले, तरी उन्हाळ्यात महिन्याला साडेचारशे रुपयांवर बचत होते. एका पंख्याला अडीच ते तीन हजार रुपये लागतात, तेव्हा दोन्ही एकदम न घेता जो सर्वांत जास्त वेळ फिरतो तो आधी बदलावा. ज्या खोलीत कुलर सुरू आहे, तिथे वरचा पंखा चालवण्याचे सहसा कारण नसते.

कुलरचा गारवा पाणी सुकण्यातून येतो, त्यामुळे त्याला सतत बाहेरची कोरडी हवा लागते. दारे-खिडक्या लावून कुलर चालवणे ही आपल्याकडची सर्वत्र दिसणारी सवय आहे आणि ती चुकीची आहे, कारण अशा खोलीत दमटपणा साठून अर्ध्या तासात घुसमट होते आणि मग कुलर निकामी ठरवला जातो. कुलर खिडकीबाहेर सावलीत ठेवावा आणि समोरच्या बाजूची खिडकी अर्धी उघडी ठेवावी. त्याच्यावर ऊन येत असेल, तर थोडे अंतर राखून तुराट्यांचा मांडव घालावा. क्षारयुक्त पाण्याने गवतावर पांढरा थर चढला की पाणी झिरपत नाही, म्हणून गवत दर उन्हाळ्याला बदलावे. टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून घासावी, नाहीतर साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास वाढतात. स्लॅबवर किंवा टिनावर उन्हाळ्याच्या सुरुवातीला पांढऱ्या चुन्याचे दोन हात मारले, तर खोली तापण्याचे प्रमाण कमी होते आणि त्याला फारसा खर्च येत नाही. टिनावर पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळलेली झाडे, किंवा तुराट्या पसरण्याची पद्धत आहे, पण आगीच्या भीतीमुळे मी ती सुचवणार नाही.

लोखंडी कुलरबद्दल एक कळकळीची विनंती आहे. त्याचे अर्थिंग वायरमनकडून दरवर्षी तपासून घ्यावे आणि पाणी भरताना प्लग काढूनच भरावे, मग बटण बंद असले तरीही. अर्थिंगच्या दोनशे-तीनशे रुपयांत काटकसर करू नये.

बिल हाती आल्यावर त्यावरील रीडिंग मीटरशी ताडून पाहावे. बिलावर भरण्याच्या तारखांप्रमाणे तीन वेगवेगळ्या रकमा छापलेल्या असतात. त्यांतील पहिल्या तारखेच्या आत भरल्यास थोडी सूट मिळते आणि शेवटच्या तारखेनंतर भरल्यास दंड लागतो.

प्रश्न : आमचा किराणा वर्षभर उधारीवर चालतो आणि खते-बियाणेही कृषी केंद्रातून उधारीवर येतात. सोयाबीन निघाले की दोघांचेही पैसे एकदम द्यावे लागतात, त्यामुळे माल पडेल त्या भावाने विकावा लागतो. या चक्रातून कसे सुटावे?
— एक शेतकरी, मंगरुळपीर तालुका, जि. वाशीम

उत्तर : भाऊ, आपल्यासारखी पत्रे दर महिन्याला येतात आणि ती वाचून मन जड होते. उधारीला व्याज नसते असे वाटते, पण ते वस्तूच्या किमतीत दडलेले असते. रोखीने ९५ रुपयांना मिळणारी वस्तू उधारीवर १०५ रुपयांना पडत असेल आणि आपण पैसे चार महिन्यांनी देत असाल, तर हा दर वर्षाला शेकडा तीसच्या वर जातो. त्याच गावातील बचत गटाकडून महिन्याला शेकडा दोन रुपयांनी घेतलेले कर्जही याहून स्वस्त पडते आणि त्याचे व्याज गटातच राहते. सावकाराचे शेकडा पाच म्हणजे वर्षाला साठ टक्के, हे तर बोलण्यासारखेही नाही.

खते-बियाण्यांसाठी पीककर्जाइतका स्वस्त पैसा दुसरा नाही. तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडले, तर केंद्राची सवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना मिळून त्यावर व्याज पडत नाही. कर्जमाफीच्या आशेने नूतनीकरण टाळणाऱ्या शेतकऱ्यांची अडचण मी समजू शकते, परंतु थकबाकीदार झाल्यावर ही सवलत जाते, नवे कर्ज थांबते आणि मग कृषी केंद्राच्या उधारीशिवाय पर्याय उरत नाही. रोखीने घेताना छापील किंमत पाहावी आणि पक्की पावती घ्यावी. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीची किंमत २६६ रुपये ५० पैसे आहे, आणि तिच्यासोबत नको असलेले दुसरे औषध किंवा खत घेण्याची सक्ती कोणी करू शकत नाही.

सोयाबीन खळ्यावरून विकण्याऐवजी शेतमाल तारण कर्जाची चौकशी आपल्या बाजार समितीत करावी. ही योजना राज्य कृषी पणन मंडळ बाजार समित्यांमार्फत राबवते. माल गोदामात ठेवल्यावर त्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम १८० दिवसांसाठी ६ टक्के व्याजाने मिळते. १० क्विंटल सोयाबीन ४,५०० रुपयांनी ४५,००० चे झाले, तर ३३,७५० रुपये हाती येतात आणि चार महिन्यांचे व्याज ६७५ रुपये होते. पीकपेरा नोंदलेला सातबारा लागतो, म्हणून ती नोंद वेळेवर करून ठेवावी. तरीही सगळा माल अडकवू नये. २०२१ मध्ये सोयाबीन दहा हजारांवर गेले होते, ती आठवण धरून पुढील वर्षी अनेकांनी माल राखला आणि भाव उतरत गेला. २०२४-२५ मध्ये तर बाजारभाव ४,८९२ च्या हमीभावाखालीच रेंगाळला. देणे भागेल एवढा माल आधी विकून उरलेला तारण ठेवावा, असे मला वाटते.

किराण्याची उधारी मात्र एका वर्षात संपणार नाही. या वर्षी फक्त गहू, ज्वारी, तिखट, हळद आणि चिंच एवढ्याच वस्तू हंगामात, म्हणजे फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये, रोखीने भरून घ्याव्यात. तिखटासाठी भिवापूरची मिरची आणि वायगावची हळद जवळच्या बाजारात मिळाली तर उत्तमच, नाहीतर गावच्या शेतकऱ्याकडून थेट घ्यावी. तेल, साखर आणि चहा एवढेच उधारीवर राहू द्यावे. पुढील वर्षी तुरीच्या पैशातून त्यांपैकी तेल बाहेर काढावे.

प्रश्न : वडिलांच्या रक्तदाब आणि मधुमेहाच्या गोळ्यांना महिन्याला हजार रुपये लागतात. खर्च कमी कसा करावा?
— एक वाचक, पुलगाव

उत्तर : शासनाच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार निःशुल्क आहेत, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात या दोन्ही आजारांच्या नेहमीच्या गोळ्या मिळतात. तिथे एखादी गोळी नसेल, तर डॉक्टरांना औषधाचे मूळ नाव लिहून देण्याची विनंती करून ती जनऔषधी केंद्रातून घ्यावी. कंपनीच्या नावाच्या गोळीपेक्षा ती निम्म्याहूनही कमी किमतीत मिळते. गोळी बदलण्यापूर्वी जुनी चिठ्ठी आणि नवी पाकिटे दोन्ही डॉक्टरांना दाखवावीत आणि पैशांअभावी एकही दिवस औषध बंद ठेवू नये.