कानांनी वाचताना: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: रोज लोकलने ठाण्याहून वाशीला जाते. त्या अर्ध्या तासात ऑडिओबुक ऐकते, पण आठवड्याने पात्रांची नावंसुद्धा आठवत नाहीत. छापील पुस्तकाचं असं होत नाही. ऐकलेलं पुस्तक वाचलं असं म्हणायचं की नाही?
(एक वाचिका, ठाणे पश्चिम)

उत्तर: म्हणायला हरकत नाही, पण कुठलं पुस्तक कुठे ऐकता यावर बरंच अवलंबून आहे. छापील ओळ वाचताना डोळा सरळ पुढे जात नाही. उड्या मारत जातो आणि दहांतली एखाद-दुसरी उडी मागे असते. विसरलेलं नाव, नीट न लागलेलं वाक्य आपण नकळत पुन्हा बघून घेतो. ऐकताना हेच करायला खिशातून फोन काढावा लागतो, आणि तुर्भ्याला गर्दी आत घुसत असताना तो कुणी काढत नाही. तोवर निवेदक दोन परिच्छेद पुढे गेलेला असतो.

यावरचे अभ्यास वरवर उलटसुलट दिसतात. २०१० मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांपैकी काहींनी लेख वाचला, काहींनी तोच ऐकला. चाचणीत ऐकणारे बरेच मागे पडले. २०१६ च्या दुसऱ्या अभ्यासात प्रौढांना एका सत्यकथेचा भाग दिला होता. लगेच आणि दोन आठवड्यांनी तपासलं, तर ऐकणारे आणि पडद्यावर वाचणारे यांच्यात लक्षणीय फरक निघाला नाही. आम्हाला यात भांडण दिसत नाही. गोष्टीत एखादं वाक्य निसटलं तर पुढचं सावरून घेतं. अभ्यासाच्या मजकुरात एक व्याख्या निसटली की पुढची दहा मिनिटं वाया.

म्हणून लोकलसाठी कथा, आत्मकथन, प्रवासवर्णन घ्या. पंचवीस-तीस मिनिटांची कथा तर ठाणे ते वाशी नेमकी बसते. चार पिढ्यांची, वीस-पंचवीस पात्रांची कादंबरी असेल तर पहिला तास घरी ऐका आणि नावं-नाती एका चिठ्ठीवर उतरवून ठेवा. कारण ऐकून नाव डोक्यात बसायला ते दोन-तीनदा यावं लागतं. अर्थशास्त्र, इतिहास, आरोग्य असले विषय छापील प्रतीतूनच वाचलेले बरे. तुमच्या ठाण्यात १८९३ पासूनचं मराठी ग्रंथ संग्रहालय आहे, त्याचा उपयोग करा.

ॲपमध्ये मागे जाण्याचा टप्पा १० सेकंदांचा असेल तर ३० करा. दहा सेकंदांत जेमतेम एक वाक्य मागे जातं, धागा सापडत नाही. इअरफोनच्या बटणाला हीच आज्ञा जोडता येते का, तेही सेटिंगमध्ये बघा. वेग १.२५ ठेवला तर दहा तासांचं पुस्तक आठ तासांत होतं, १.५ ला सहा तास चाळीस मिनिटांत. पण १.५ च्या पुढे मराठीत ‘ने’, ‘ला’, ‘त’ हे प्रत्यय आधी गिळले जातात आणि कुणी कुणाला मारलं तेच कळत नाही! शिवाय वाक्यांमधले विराम आखूड होतात, आणि ऐकलेलं मुरायला तेवढीच तर फट असते. कविता आणि विनोदी लेखन एकच्या वेगानेच ऐका.

प्रश्न: गाडीत आवाज पूर्ण वर केल्याशिवाय निवेदक ऐकूच येत नाही. कान बिघडतील का?
(एक वाचक, घणसोली)

उत्तर: रोज असंच केलंत तर बिघडू शकतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत चालतो. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे ९० डेसिबलला आठवड्याला साधारण ४ तासच. आवाज ६० टक्क्यांच्या आत ठेवा. तेवढ्यात ऐकू येत नसेल तर आवाज नको, इअरफोन बदला. नुसते टेकणारे इअरफोन बाहेरचा गोंगाट अडवत नाहीत. रबरी टोकाचे घ्या आणि सोबतच्या तीन मापांतलं नीट घट्ट बसणारं टोक लावा. नॉइज कॅन्सलेशन गाडीची एकसुरी घरघर चांगली कापतं, शेजारच्यांच्या गप्पा तितक्या कापत नाही. फेरीवाल्याची आरोळी आत येणारच. रूळ ओलांडताना, घोडबंदर रोडवर स्कूटर चालवताना मात्र एका कानातही काही नको. हॉर्न कुठून आला हे ओळखायला दोन्ही कान मोकळे लागतात.

प्रश्न: आई ७८ वर्षांची आहे. डोळ्यांच्या आजारामुळे अक्षर दिसत नाही आणि स्मार्टफोन जमत नाही. आयुष्यभर वाचत आली आहे. पेन ड्राइव्हवर चालणारा स्पीकर आणला, पण ती वैतागली आहे.
(एक वाचिका, नेरूळ)

उत्तर: वैतागाचं कारण बहुधा असं आहे. हे स्पीकर गाण्यांसाठी बनवलेले असतात. त्यातले बरेच बंद करून पुन्हा लावले की पहिल्या फाइलपासून, किंवा चालू फाइलच्या सुरुवातीपासून सुरू होतात. एक फाइल दोन तासांची असेल तर आईंना तेच तेच पुन्हा ऐकावं लागतं. थांबलेली जागा लक्षात ठेवणारा प्लेअर घ्या आणि दुकानातच पाच मिनिटं वाजवून, बंद करून, परत लावून बघा. बटणं बोटाला कळतील अशी उंच हवीत. सुरू-बंदच्या बटणावर कापडी पट्टीचा तुकडा चिकटवा.

मग फाइलींचं बघा. प्रत्येक फाइल १५ ते २० मिनिटांची करा. नावं ००१, ००२ अशी द्या. नुसते १, २, ३ दिले तर बरेच प्लेअर १ नंतर १० लावतात. काही प्लेअर नाव बघतच नाहीत, ज्या क्रमाने कॉपी केल्या त्याच क्रमाने वाजवतात. म्हणून मेमरी कार्ड कोरं करून फाइली ओळीने कॉपी करा. कार्ड ३२ जीबीचंच घ्या, कारण ६४ जीबी आणि वरची कार्डं वेगळ्या पद्धतीने फॉर्मॅट केलेली येतात आणि साधे प्लेअर ती वाचत नाहीत. बोलण्यासाठी फाइलचा दर्जा ६४ केबीपीएस मोनो (दोन्हीकडे एकच आवाज) पुरे. तासाला साधारण २९ एमबी लागतात, म्हणजे त्या कार्डावर हजारभर तास मावतील.

वयाबरोबर ऐकण्यातले वरचे सूर आधी जातात, त्यामुळे स, श, थ असे वर्ण पुसट होतात. आवाज वाढवत बसण्यापेक्षा बास (खालचे सूर) कमी आणि ट्रेबल (वरचे सूर) थोडा जास्त करा. पार्श्वसंगीत असलेली ध्वनिमुद्रणं टाळा. दोन निवेदकांची दहा-दहा मिनिटं ऐकवून कुणाचं स्पष्ट कळतं ते त्यांनाच ठरवू द्या.

पुस्तकांसाठी २०१६ मध्ये सुरू झालेलं ‘सुगम्य पुस्तकालय’ हे छापील अक्षर वाचू न शकणाऱ्यांसाठीचं ऑनलाइन ग्रंथालय आहे. नोंदणीसाठी वरळीच्या नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंडमध्ये चौकशी करा, दिव्यांग प्रमाणपत्र असेल तर बरोबर न्या. तिथल्या पुस्तकांत ‘डेझी’ हा प्रकार मिळाला तर तो घ्या. त्यात प्रकरणावरून प्रकरणावर, बऱ्याचदा पानावरून पानावरही जाता येतं. मात्र त्यासाठी डेझी चालवणारा प्लेअर लागतो.

प्रश्न: मुलगा तिसरीत, इंग्रजी माध्यमात. मराठी गोष्टी तासन् तास ऐकतो, पण पुस्तक दिलं की पळतो. ऐकणं बंद करावं का?
(एक पालक, वाशी)

उत्तर: मुळीच नको. गॉफ आणि टन्मर या वाचन-अभ्यासकांनी १९८६ मध्ये मांडलेल्या सूत्रानुसार वाचून समजणं म्हणजे अक्षर ओळखणं गुणिले ऐकून समजणं. तुमच्याकडे दुसरा आकडा उत्तम आहे, पहिला कच्चा आहे, आणि नुसतं ऐकून तो वाढत नाही. ज्या गोष्टीचं पुस्तकही मिळतं तीच लावा, वेग ०.७५ ते ०.८५ ठेवा आणि त्याला ओळीवर बोट फिरवत ऐकू द्या. रोज दहा मिनिटं, फार तर दोन पानं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तीच पानं आवाज बंद करून वाचायला सांगा. गोष्ट पाठ असल्याने तो अंदाजाने वाचेल, म्हणून मधलाच एखादा शब्द झाकून विचारा. जोडाक्षरांवर अडखळेल, तिथे घाई नको.

प्रश्न: रात्री ऐकता ऐकता झोप लागते आणि सकाळी पुस्तक संपलेलं असतं!
(एक वाचक, कोपरखैरणे)

उत्तर: स्लीप टायमर १५ मिनिटांवर ठेवा आणि लावण्याआधी बुकमार्क करा. रात्रीसाठी आधी वाचलेलंच पुस्तक घ्या, रहस्यकथा नको.

प्रश्न: आमच्या सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर काही जण उत्तम वाचतात. पुस्तकं वाचून, रेकॉर्ड करून ग्रुपवर टाकली तर चालेल का?
(एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे)

उत्तर: पुस्तक कुणाचं आहे त्यावर आहे. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो आणि ती वर्षं मृत्यूच्या पुढच्या जानेवारीपासून मोजतात. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यामुळे त्यांचं लेखन २०११ पासून खुलं आहे. हयात लेखकाचं पुस्तक फुकट वाटलं तरी परवानगी लागतेच. प्रकाशकाला पत्र लिहा, विचारायला काय जातं! अनुवाद असेल तर अनुवादकाचा हक्क वेगळा असतो. दुसऱ्याने केलेलं ध्वनिमुद्रणही पुढे पाठवू नका, मूळ ग्रंथ सातशे वर्षांपूर्वीचा असला तरी.

रेकॉर्डिंगला रस्त्याकडची खोली नको. आतली, कपड्यांच्या कपाटाची, गाद्या-उशांची खोली निवडा, नाहीतर आवाज घुमतो. पंखा बंद, फोन एअरप्लेन मोडवर, तोंडापासून वीतभर लांब आणि किंचित तिरका, म्हणजे प-फ-भचा फुत्कार माइकवर आदळत नाही. चूक झाली की थांबू नका, टाळी वाजवा आणि वाक्य पहिल्यापासून म्हणा. संपादन करताना टाळीचा उंच टोकदार ठसा लगेच दिसतो. एका तासाच्या तयार ध्वनिमुद्रणाला किमान तीन तास लागतील असं धरून चाला.

प्रश्न: फोनची स्क्रीन बंद झाली की दहा मिनिटांत पुस्तकही बंद पडतं. शिवाय ॲप काढून टाकलं तरी दर महिन्याला पैसे जातात.
(एक वाचिका, ऐरोली)

उत्तर: पहिलं बॅटरी वाचवण्याच्या सोयीमुळे होतं. सेटिंग्ज, ॲप्स, मग ते ॲप, बॅटरी, तिथे ‘अनरिस्ट्रिक्टेड’ निवडा. प्रवासात नेटवर्क जातं म्हणून पुस्तक घरच्या वायफायवर आधीच उतरवून ठेवा.

पैशांचं म्हणाल तर ॲप काढल्याने सदस्यत्व रद्द होत नाही. प्ले स्टोअरमधून घेतलं असेल तर तिथल्या ‘पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स’मध्ये, थेट कंपनीकडून घेतलं असेल तर त्यांच्या संकेतस्थळावर, आणि यूपीआयने दिलं असेल तर यूपीआय ॲपमधल्या ‘ऑटोपे’मध्येही बघा. रद्द करण्याआधी उतरवलेली पुस्तकं ऐकून घ्या. मासिक वर्गणीवर मिळालेली पुस्तकं मुदत संपली की उघडत नाहीत, फाइल फोनमध्ये असली तरी. ऑडिबल या ॲपवर क्रेडिटने (वर्गणीत मिळणाऱ्या पुस्तकाच्या कूपनने) घेतलेलं पुस्तक मात्र खात्यात राहतं, तेव्हा क्रेडिट शिल्लक असेल तर आधी ते वापरा.