राजीनाम्याचे धाडस आणि त्याआधीचे बोलणे

प्रश्न : मी ४४ वर्षांचा असून नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत, वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्याच्या क्वालिटी विभागात नोकरीला आहे. गेल्या जूनमध्ये तिथे १८ वर्षे पूर्ण झाली. सुरुवातीची बरीच वर्षे मशीनजवळ उभे राहून काम शिकलो. मायक्रोमीटर हातात असला की शिफ्ट कधी संपली ते कळत नसे. आता कस्टमर कम्प्लेंटची उत्तरे लिहायची आणि ऑडिट आले की आठवडाभर फायली रंगवायच्या, एवढेच उरले आहे. पार्टला माझा हात लागत नाही, इन्स्पेक्शन रिपोर्टवर सही मात्र माझी असते. ओळखीच्या काही लहान वर्कशॉपवाल्यांना तपासणीच्या आणि कागदपत्रांच्या कामासाठी माणूस हवा आहे. ते काम स्वतंत्रपणे करावे असे फार दिवस मनात आहे. पण घराचे हप्ते अजून सात वर्षे आहेत, मुलगी अकरावीला आहे, पत्नीला मधुमेह आहे. वडील नाशिकरोडच्या नोटांच्या प्रेसमधून निवृत्त झाले. ‘लागलेली नोकरी कोणी सोडतं का?’ हे त्यांचे वाक्य लहानपणापासून ऐकत आलो. घरी अजून कोणाशी बोललेलो नाही. हे धाडस आणावे कुठून?
— एक वाचक, पाथर्डी फाटा, नाशिक

उत्तर : आपल्या पत्रातील सहीचे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचले. कंटाळा हे नोकरी सोडण्याचे फारसे भक्कम कारण नव्हे, कारण तो नव्या कामातही वर्षभरात गाठतो. परंतु जे आपण मोजले नाही त्याखाली आपले नाव जाते आणि ते आपल्याला टोचते, ही गोष्ट निराळी आहे. तिच्यासाठी राजीनाम्याची वाट पाहण्याचे कारण नाही. ज्या रिपोर्टची मोजमापे आपण पाहिलेली नाहीत, त्यावर सही करण्यापूर्वी दोन-चार नग काढून स्वतः तपासण्याचा आग्रह उद्यापासून धरता येईल. आणि पुन्हा प्रत्यक्ष तपासणीकडे किंवा टूलरूमकडे बदली मिळेल का, हेही साहेबांना एकदा सरळ विचारता येईल. हे विचारल्याचा उल्लेख पत्रात नाही. उत्तर नकारार्थी आले, तर निदान आपण काय सोडत आहोत हे नक्की होईल.

आता वडिलांच्या वाक्याकडे येऊ. त्यांच्या काळच्या सरकारी नोकरीत निवृत्तिवेतन पगाराच्या प्रमाणात ठरत असे, म्हणून ‘लागलेली नोकरी’ या शब्दांना त्यांच्या तोंडी खरा अर्थ आहे. आपली नोकरी त्या जातीची नाही. वाढीव पेन्शनचा, म्हणजे पूर्ण पगारावर पेन्शन धरण्याचा, पर्याय आपण घेतलेला नसेल, तर भविष्य निर्वाह निधीच्या पेन्शनचा हिशोब महिन्याचा पगार जास्तीत जास्त १५,००० रुपये धरून होतो : पगार गुणिले सेवेची वर्षे, भागिले ७०. १८ वर्षांना हा आकडा महिन्याला ३,८५७ रुपयांच्या वर जात नाही, आणि सप्टेंबर २०१४ पूर्वीच्या सेवेला ६,५०० रुपयांची मर्यादा लागू असल्याने प्रत्यक्षात तो आणखी कमी भरेल. ५८ व्या वर्षापर्यंत तिथेच राहिलात, तरी २० वर्षांवरील सेवेची दोन वर्षांची सवलत धरून तो ७,२८५ च्या आतच राहील. दहा वर्षांची सेवा झालेली असल्याने पेन्शनचा हक्क मात्र नोकरी सोडल्यावरही बुडत नाही. तेव्हा जिच्या भीतीने आपण थांबला आहात ती ‘पेन्शनची नोकरी’ बरीचशी आपल्या वडिलांची आहे, हे कागदावर मांडून पाहा.

ग्रॅच्युइटीचे गणित मात्र तारखेकडे पाहून करावे. ग्रॅच्युइटीसाठी धरल्या जाणाऱ्या मासिक वेतनाला १५ ने गुणून २६ ने भागायचे आणि सेवेच्या वर्षांनी गुणायचे; हे वेतन समजा ३४,००० असेल, तर १८ वर्षांचे सुमारे ३ लाख ५३ हजार होतात. राजीनामा दिला म्हणून ही रक्कम अडत नाही. शेवटच्या वर्षात सहा महिन्यांहून अधिक सेवा झाली की ते पूर्ण वर्ष धरतात, म्हणजे नोव्हेंबरमध्ये बाहेर पडलात तर १८ वर्षे आणि जानेवारीत पडलात तर १९. वरच्या हिशोबाने हा फरक साडेएकोणीस हजारांच्या आसपासचा आहे. इतक्यासाठी कोणी आयुष्याचे बेत बदलत नाही, पण नुसत्या चिडीच्या भरात तो सोडण्याचेही कारण नाही.

मला खरी काळजी वाटते ती पत्नीच्या विम्याची. कंपनीचा सामूहिक आरोग्य विमा नोकरीबरोबर संपतो, आणि नवी वैयक्तिक पॉलिसी घेतल्यास आधीपासूनच्या मधुमेहासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत स्थलांतराचा अर्ज केला, तर आधीच्या विम्याची वर्षे त्या प्रतीक्षेतून वजा होतात. ही चौकशी एचआरकडे आणि विमा कंपनीकडे राजीनाम्याच्या किमान दोन महिने आधी करा. बाकी साऱ्या बाबतीत थोडे इकडेतिकडे झाले तरी निभावेल, इथे निभावणार नाही.

कामाविषयी थोडेच सांगतो, कारण ते आपल्याला माझ्याहून अधिक कळते. अंबड-सातपूरच्या लहान कारखानदाराला स्वतःचा क्वालिटी इंजिनीअर परवडत नाही आणि मोठ्या कंपनीच्या कागदपत्रांशिवाय ऑर्डर टिकत नाही, त्यामुळे गरज खरी आहे. गरज असलेला माणूस वेळेवर पैसे देतोच असे नाही, हेही तितकेच खरे. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, करून घ्या. सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योगांच्या २००६ च्या कायद्याने सूक्ष्म उद्योगाचे बिल ४५ दिवसांत चुकते करणे बंधनकारक आहे, पण ओळखीच्या माणसाला कायदा दाखवणे आपल्याकडे जड जाते. म्हणून सहा महिन्यांच्या नव्हे, वर्षभराच्या हप्त्यांची आणि घरखर्चाची तजवीज हाताशी असावी असे माझे मत आहे. त्या ओळखीच्या वर्कशॉपवाल्यांपैकी कोणी आपल्याच कंपनीचा पुरवठादार असेल, तर नोकरीत असेपर्यंत त्याचे काम मोफतसुद्धा करू नका आणि नेमणूकपत्रातील जोडधंद्याचे कलम नीट वाचा.

आता धाडसाबद्दल. वरच्यापैकी एकाही गोष्टीला धाडस लागत नाही, कॅल्क्युलेटर आणि दोन-तीन फोन पुरतात. धाडस लागते ते घरी बोलायला, आणि तेच आपण पुढे ढकलत आला आहात. पहिल्यांदा पत्नीशी बोला, आणि ‘मी ठरवले आहे’ असे सांगायला नव्हे, तर आकड्यांचा कागद मध्ये ठेवून ‘यात काय राहिले?’ असे विचारायला. औषधांचा, क्लासच्या फीचा खरा आकडा बहुधा त्यांनाच ठाऊक असेल. त्यांचा नकार आला, तर तो भीतीचा आहे की हिशोबाचा, हे त्याच वेळी विचारून घ्या; हिशोबाचा असेल तर तारीख पुढे न्या. वडिलांना त्यानंतर, पण राजीनामा देण्यापूर्वी सांगा. बाहेरून कळले तर त्यांना नोकरी गेल्यापेक्षा त्याचेच अधिक लागेल. त्यांची संमती मिळेलच असे नाही, आणि ४४ व्या वर्षी ती मिळेपर्यंत थांबणे आवश्यक आहे असे मला वाटत नाही. राजीनामा दिल्यावर नोटिशीचा काळ पूर्ण भरा, ज्यांच्याकडे फायली सोपवाल त्यांची पोच घ्या, अनुभवपत्र हाती आल्याखेरीज निघू नका आणि भविष्य निर्वाह निधीच्या खात्यात नोकरी सोडल्याची तारीख कंपनीने नोंदवली आहे ना, हे महिन्याभराने पोर्टलवर पाहा.